तिघींची पेटी

डिसेंबर लागला की तेलगावच्या हवेला गोडसर, जरासा करपलेला वास येतो. कारखाना सुरू झालेला असतो. माझ्या औषधाच्या दुकानासमोरून उसाने लादलेल्या ट्रॉल्या दिवसभर जात राहतात, गाणी लावून, एकीमागं एक. दुकानाच्या पायरीवर उसाचं पाचट उडून येतं आणि मी ते दिवसातून तीनदा झाडते. परवा दुपारी असंच झाडून आत आले, तर काउंटरवरचा फोन लुकलुकत होता. मेल आली होती. बर्फाचं चित्र, लाल टोपीतली बाई, आणि खाली इंग्रजीत दोन ओळी: हिवाळी उत्सव सुरू झालाय. तुझं बेट तुझी वाट पाहतंय, परत ये.

माझ्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली होती. ती मी इतक्या जोरात फळीवर ठेवली की समोरच्या आजोबांनी विचारलं, "काय झालं गं पोरी?"

काय सांगणार त्यांना?

त्या खेळाचं नाव मी लिहिणार नाही. मला ते नाव कागदावर नको आहे. चार हिवाळे झाले मी तो फोनवरून काढून टाकला त्याला. लोक म्हणतात, काळ गेला की राग निवतो, त्याची राख होते. माझ्या बाबतीत असं काही झालेलं नाही. थंडी पडली की काहीजणांचा जुना दमा उसळतो, तसा माझा राग उसळतो. हवेत हुरड्याचा धूर आला, की मला आधी अंबाजोगाईच्या त्या होस्टेलची गच्ची आठवते आणि मग लगेच दातावर दात बसतात.

अंबाजोगाई डोंगरावरचं गाव. तिथली थंडी आमच्या तेलगावच्या थंडीपेक्षा कोरडी आणि टोचरी. मी तिथं डी. फार्म. करत होते. खाजगी मुलींचं होस्टेल, तिसरा मजला, एका खोलीत तिघी. एक मी, शिवानी, लिंगायत दुकानदाराची मुलगी. दुसरी प्रणिता, केजकडच्या बागायतदाराची, बी.एस्सी.ला. आणि तिसरी काजल, नर्सिंगची.

काजल आली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तिची आई पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तिन्ही जिने चढली होती. मेसच्या मावशी हात लावायला पुढं झाल्या तर तिनं मान हलवली. पेटी कॉटखाली सरकवून ती काजलशी काहीतरी बोलली. भाषा आम्हाला कळली नाही. आई गेल्यावर काजल आमच्याकडे वळली. "आमची भाषा हाय. पारधी," ती म्हणाली. एवढं सांगून आमच्या तोंडाकडे बघत राहिली. तोंडावर काय उमटतं ते बघायची तिला सवय असावी. प्रणिताच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, ते मी पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले.

खेळ प्रणितानं आणला. जहाज फुटलंय, तुम्ही बर्फाच्या बेटावर येऊन पडलात, आता जगून दाखवा, एवढीच गोष्ट. लाकडं तोडायची, आगटी पेटवायची, कातडी शिवून अंगावर घ्यायची, लांडग्यांपासून वाचायचं. एकट्यानं खेळलं तर दोन दिवसांत मरण. तिघी मिळून खेळलं तर घर बांधता येतं. आम्ही बांधलं. रविवारी दुपारी, मेसचं जेवण झालं की गच्चीवर सतरंजी टाकायची. प्रणिताच्या शेतावरून हुरडा आलेला असायचा, सोबत शेंगदाण्याची चटणी. पाठीवर ऊन, हातात फोन, आणि फोनमध्ये हिमवादळ! खरी थंडी आणि खोटी थंडी अशा दोन्ही एकदम खायला मजा यायची.

तिघींत काजल सगळ्यांत चांगली खेळायची. एकदा तिनं बर्फात फास लावून पाच ससे धरले तर प्रणिता हसत म्हणाली, "तुला तर येणारच बाई. रक्तातच हाय तुमच्या."

काजलनं फोनवरून नजर न काढता उत्तर दिलं, "माझा बाप वीटभट्टीवर हाय. त्यानं जलमात ससा धरला न्हाई. फास कसा लावायचा ते खेळात लिहिलेलं हाय, तू वाचत न्हाईस, मी वाचते."

मी लई हसले होते. प्रणिताही हसली, पण जरा उशिरा.

बेटावरच्या घरात आम्ही एक मोठी पेटी केली. जिला जे मिळेल ते त्यात टाकायचं आणि जिला लागेल तिनं काढायचं. प्रणितानं तिला नाव दिलं, तिघींची पेटी. मला तेव्हा ते नाव फार आवडायचं. आमच्या घरी दुकानाच्या गल्ल्याला बाबांशिवाय कुणी हात लावत नाही, कपाटाची किल्ली आईच्या कमरेला. कुलूप नसलेली पेटी मी पहिल्यांदा त्या बेटावर पाहिली.

काजलचा फोन जुना होता. काचेवर तडा, बॅटरी तासाभरात संपायची आणि रेंज तर कुठंच धरायचा नाही. म्हणून आम्ही सतरंजीवर आणि ती पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसायची, तिथं दोन कांड्या दिसायच्या. वारा लागायचा तिला. ओढणी कानाला घट्ट गुंडाळून ती बसलेली असायची.

मग सामान नाहीसं व्हायला लागलं.

आधी कातडी गेली. मग औषधाच्या मुळ्या. मग ती लोखंडी कुऱ्हाड, जिच्यासाठी आम्ही तिघी कितीतरी रविवार खपलो होतो. पेटी उघडली तर आत काही नाही. खेळात प्रत्येक पेटीची नोंद राहते, कुणी कधी उघडली त्याची. आम्ही नोंद पाहिली. शेवटचं नाव काजल. दुसऱ्यांदा पाहिली, काजल. तिसऱ्यांदाही काजलच.

"उघडली व्हती मी," काजल म्हणाली. "पण काढलं न्हाई काहीच. मी तर लाकडं ठिवायला गेलते."

"मग गेलं कुठं?" प्रणितानं विचारलं.

"तेच तर बघायलेय मी."

आणि ती खरंच बघत होती. नर्सिंगच्या वहीत, जिथं त्यांना रुग्णांच्या तापाचे तक्ते आखायला शिकवत, तिथं मागच्या पानांवर तिनं तक्ता आखला. कोण कुठं बसलं होतं, कुणी पेटी आधी उघडली, कुणी नंतर, कुणाच्या फोनला किती कांड्या होत्या. चार-पाच दिवसांत तिनं मला गाठलं. मी कॉटवर औषधांची नावं पाठ करत होते. परीक्षा तोंडावर होती.

"शिवे, मला कळलंय बघ. तू आन मी एकदमच पेटी उघडली आन माझी रेंज मधीच गेली, की तू ठिवलेलं सगळं पुसून जातंय. अन नाव माझं पडतंय. खेळातच खोट हाय. एक डाव करून बघू. तू गच्चीत थांब, मी जिन्याखाली जाते, तिथं रेंज न्हाई. दहा मिनिटाचं काम हाय."

"उद्या बघू गं. पेपर हाय."

"दहाच मिनिटं, शिवे."

"उद्या म्हणलं ना."

दुसऱ्या दिवशीही मी म्हणाले, उद्या. ती पुन्हा म्हणाली नाही. त्या दहा मिनिटांचा मी आजवर इतका विचार केला आहे की ती दहा मिनिटं आता एखाद्या खोलीएवढी मोठी झाली आहेत. मी त्या खोलीत जाते, कॉटवर पुस्तक घेऊन बसलेल्या मुलीला हाताला धरून उठवते, म्हणते, ऊठ, जा गच्चीत. ती उठत नाही.

माझ्याकडे दहा मिनिटं नव्हती, पण त्याच संध्याकाळी खेळाच्या चावडीवर जायला मला अर्धा तास मिळाला. चावडी म्हणजे कंपनीनंच इंटरनेटवर उघडलेली जागा. खेळणाऱ्यांनी तिथं तक्रारी लिहायच्या, सूचना करायच्या, एकमेकांना मदत करायची. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, असं वर ठळक लिहिलेलं. मी तिथं लिहिलं, आमच्या गटातली एक मुलगी सामान चोरते, पेटीला कुलूप कसं लावायचं? पटापट उत्तरं आली. हाकलून द्या तिला. माझ्याही गटात असाच एक होता. चोर सुधारत नाही. आणि शेवटी त्या चावडीचा राखणदार आला, लांडग्याचं चित्र लावलेला, कंपनीनं नेमलेला. त्यानं चारच शब्द लिहिले: नोंद खोटं बोलत नाही.

मी त्या ओळीवर लाल बदाम दाबला. मीच, याच बोटानं. जिच्या ताटातला हुरडा मी न विचारता उचलून खायचे, तिच्याबद्दल एका लांडग्यानं सांगितलेलं मला पटलं.

मी काजलचं नाव लिहिलं नव्हतं. पण नोंदीचा फोटो जोडला होता आणि त्यात ते होतं. प्रणितानं ते सगळं उचलून होस्टेलच्या ग्रुपवर टाकलं, वर हसणारी तोंडं लावून: काजलबाईंचे पराक्रम. जिन्यात, मेसमध्ये, नळावर मुली एकमेकींना कोपर मारायला लागल्या. काजलनं ते पाहिलंच असणार. रविवारी ती गच्चीवर आली नाही.

पुढच्या आठवड्यात प्रणिताची कानातली सोन्याची कुडी हरवली.

सकाळची साडेआठची वेळ. माझा पेपर अकराला होता. रेक्टरबाई वर आल्या, मागं मेसच्या मावशी. खोलीत तीन कॉट होत्या, तीन कपाटं होती, एक पत्र्याची पेटी होती. बाईंनी कपाटांकडे पाहिलंसुद्धा नाही. "ती पेटी काढा बाहेर," त्या मावशींना म्हणाल्या.

काजल म्हणाली, "बाई, सगळ्यांचं तपासा. मग माझं बी तपासा."

"लई शहाणपणा नको. खेळात बी चोरी करतीस म्हणं तू? सगळ्या होस्टेलला माहीत हाय."

पेटी उघडली. इस्त्री केलेला पांढरा गणवेश, दुमडून कागदात ठेवलेला. खोबरेल तेलाची बाटली, तोंडाला प्लास्टिक बांधलेली. चादर, दोन ड्रेस, एका पुडीत मागच्या महिन्याचा वाळलेला हुरडा. तो तिनं कुणासाठी ठेवला होता कोण जाणे. बाईंनी गणवेश झटकला. पुडी उलटी केली. ती वही काढली आणि पानं धरून हलवली, पानांतून कुडी पडेल म्हणून. दारात मुलींची गर्दी झाली होती.

काजलनं माझ्याकडे पाहिलं. "शिवे, तू सांग की."

माझ्या मांडीवर पुस्तक होतं. मी म्हणाले, "मला काय माहीत?"

एवढंच बोलले मी. पेपर चांगला गेला.

परत आले तर कॉटखालची जागा रिकामी होती. दुपारच्या एसटीनं ती पेटी घेऊन गेली होती, या वेळी स्वतःच्या डोक्यावर. फोन उघडला तर बेटावर ओळ उमटलेली: काजल बेट सोडून गेली. संध्याकाळी प्रणिता स्वेटर काढायला लागली आणि गळ्याच्या लोकरीत अडकलेली कुडी टिणकन फरशीवर पडली. "अगं बाई! हितंच व्हती की!" म्हणून ती हसली. मोकळं, सुटकेचं हसू. मी खाली जाऊन रेक्टरबाईंना सांगितलं. बाई हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "मिळाली ना? बरं झालं. जा आता अभ्यासाला."

त्या दिवशी काजलला कुणी फोन केला नाही. मीही नाही.

आता जे लिहिते आहे, ते लिहिताना अजूनही कानशिलं तापतात. परीक्षा संपली, मी एसटीनं तेलगावला निघाले. घाटात वेळ जाईना म्हणून खेळ उघडला. प्रणिताही कुठूनतरी खेळत होती. मी पेटीत हात घातला आणि तेवढ्यात वळणावर रेंज गेली. खाली उतरल्यावर आली. पेटी रिकामी होती. नोंदीत शेवटचं नाव: शिवानी.

लगेच फोनमधून प्रणिताचा आवाज आला, हसत हसत. "अगं, सगळं गेलं बघ! तुझी रेंज गेली असंल."

तुझी रेंज गेली असेल! माझ्यासाठी हे कारण तिला श्वास घेण्याइतकं सहज सुचलं. तक्ता लागला नाही, वही लागली नाही, जिन्याखाली जावं लागलं नाही. माझं कपाट कुणी उघडलं नाही. मी एसटीतल्या त्या सीटवर बसून राहिले. शेजारच्या बाईनं मला खिडकी उघडून दिली, तिला वाटलं मला गाडी लागली.

घरी गेल्यावर मी ती चावडी पहिल्यांदा नीट वाचली. पानामागं पान. कुठकुठल्या देशांतली माणसं होती. एका बाईनं लिहिलं होतं, माझ्या दोन मुलांनी या पेटीपायी एकमेकांशी बोलणं टाकलंय. एकानं लिहिलं होतं, माझ्या मित्रानं शपथ घेतली तरी मी त्याला काढून टाकलं, आता तीच गोष्ट माझ्याबाबतीत झाली, मी काय करू? प्रत्येकाच्या खाली तेच उत्तर. नोंद खोटं बोलत नाही. आणि खूप खाली, माझ्या तक्रारीच्याही एक दिवस आधीची, काजलची तक्रार होती. मोडक्या इंग्रजीत लिहिलेली. सोबत वहीच्या पानाचा फोटो, तोच तक्ता, तापाच्या आलेखासारख्या रेघा मारलेला. कधी होतं, का होतं, कसं करून बघायचं, सगळं होतं त्यात. राखणदारानं उत्तर दिलं होतं, आम्हाला असं घडवून दाखवता आलं नाही, तक्रार बंद. खाली कुणीतरी लिहिलं होतं, चोर पकडला गेला की म्हणतो खेळात खोट आहे. त्यावर पुष्कळ लाल बदाम होते.

त्यांना घडवून दाखवता आलं नाही, कारण त्यांच्याकडे रेंज होती! कुठल्यातरी गार काचेच्या इमारतीत, उत्तम फोन हातात घेऊन, एकमेकांशेजारी बसून त्यांनी पेटी उघडून पाहिली असणार आणि म्हणाले असणार, चालतंय की. त्यांच्यातल्या एकालाही टाकीच्या कठड्यावर बसावं लागत नव्हतं. जिचा फोन जुना, जिची रेंज कच्ची, तिच्याच नावावर नोंद पडायची. हे त्यांनी ठरवून केलं नसेल. मला त्याचं काही वाटत नाही. ठरवून केलं नाही म्हणून काजलची पेटी कमी उघडली गेली का?

उन्हाळ्यात एक दिवस खेळाची नवी आवृत्ती आली. काय काय बदललं त्याची लांबलचक यादी. नव्या टोप्या, नवी कुत्री, आणि तळाला एक ओळ. मराठीत सांगायची तर: सामायिक पेटीतील वस्तू क्वचित प्रसंगी नाहीशा होण्याची अडचण दूर केली आहे. माफी कुठं नव्हती, आणि ज्यांनी कळवलं त्यांचे आभारही नव्हते. क्वचित, म्हणे.

ती ओळ घेऊन मी बीडजवळच्या पालीला गेले. काजल मावशीकडे राहते आणि बीडच्या एका दवाखान्यात काम करत करत तिथंच पुन्हा नर्सिंग शिकते, एवढं मी शोधून काढलं होतं. तिचं एक वर्ष गेलं होतं. गावाजवळच्या धरणाकडून तापलेला वारा येत होता. तिची आईही तेव्हा तिथंच आलेली, दारात होती. तिनं मला ओळखलं, हे तिच्या डोळ्यांत दिसलं. तरी तिनं तांब्या भरून आणला आणि सावलीत पोतं टाकलं. मी पाणी प्यायले. ते पाणी घशाखाली उतरताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी त्या खोलीत वाटली असती तर?

काजल कामावरून आली, पांढऱ्या कपड्यांत. मला पाहून थांबली. मी फोन पुढं केला. तिनं ती ओळ वाचली आणि फोन परत दिला.

"तू बरोबर व्हतीस," मी म्हणाले. "खेळातच खोट व्हती. आता त्यांनीच लिहिलंय बघ."

"मला माहीत व्हतं. मी तुला तवाच सांगितलंतं."

"व्हय."

"मग आत्ता कावून आलीस? कंपनीनं सांगितल्यावर तुला खरं वाटलं व्हय? मी सांगितलं तवा काय झालंतं?"

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं नाही. "हितं रडू नको," ती म्हणाली, "आई भिती. तिला वाटंल परत काय आळ आला." मग, आवाज न चढवता, "त्या खेळातली खोट त्यांनी काढली. बरं केलं. पण शिवे, त्या खेळानं माझी पेटी उघडली का? बाईनं उघडली. तू बघत व्हतीस. मला माफी सांगाया हितवर येऊ नको. तू मला हितं येऊन चोर म्हणलीतीस का? जिथं बोललीस तिथं जाऊन सांग."

मी निघाले. रस्त्याला लागेपर्यंत तिनं मागून हाक मारली नाही, आणि मारायचं तिला काही कारणही नव्हतं.

जिथं बोलले होते तिथं सांगायला गेले. चावडीवर सगळं लिहिलं, काजलच्या तक्रारीचा दुवा देऊन, तुमचा राखणदार खोटं बोलला आणि मीही, असं. तासाभरात ते पुसलं गेलं. कारण: वैयक्तिक वाद इथे नकोत. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं, मग मलाच बंद केलं. होस्टेलच्या जुन्या ग्रुपवर लिहिलं. दोघीचौघींनी पाहिलं, एकीनं हात जोडलेलं चित्र टाकलं. प्रणिताचा वेगळा निरोप आला: "अगं, मी तर चोर म्हणलेच नव्हते कुणाला. गंमत व्हती ती. आता लग्न ठरलंय माझं, कशाला जुनं काढतीस?"

होस्टेलवर मात्र गेले नाही. रेक्टरबाई आमच्या बाबांच्या ओळखीच्या. तिथं जाऊन काय बोलायचं, कुणासमोर, जुन्या मुली तर निघून गेल्या, असं मनाला सांगत राहिले. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. कंपनीच्या निबरपणावर मी मनातल्या मनात शंभर भाषणं केली. स्वतःच्या भित्रेपणावर एकही नाही.

आणि परवा ती मेल. परत ये म्हणाली. मी दुकानाचं शटर ओढलं, आईला म्हणाले, "अंबाजोगाईला जाऊन येते."

"आत्ता? कावून?"

"काम राहिलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला मी होस्टेलच्या मेसमध्ये उभी होते. तीच लांब टेबलं, भाकरीचा तोच वास, फोडणीचा ठसका. मुली सगळ्या नव्या. मावशी त्याच, केस पांढरे झालेले. रेक्टरबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर जेवत होत्या. मला ओळखून हसल्या. "ये ये शिवानी, जेवायला बस."

"जेवायला न्हाई आले बाई. दोन मिनिटं बोलायचंय. सगळ्यांसमोर."

त्यांनी हो-नाही म्हणायच्या आत मी बोलायला लागले. चार वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर काजल नावाची मुलगी राहायची. मी तिला चोर म्हणाले. ती चोर नव्हती. खेळात खोट होती, ती तिनंच शोधून काढली होती आणि मला दाखवायला आली होती. मला दहा मिनिटं नव्हती. मग एक कुडी हरवली आणि खोलीतली फक्त तिची पेटी उघडली गेली, कारण ती पारधी होती आणि कारण मी ते लिहिलं होतं. कुडी संध्याकाळी स्वेटरात सापडली. तिला कुणीच सांगितलं नाही. तिचं एक वर्ष वाया गेलं. हे मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं.

पळ्यांचा आवाज थांबला होता. बाई उठल्या. "झालं का? लहान पोरी हायत ह्या. जुनं उकरून काय मिळतंय तुला?"

चुलीकडून मावशी म्हणाल्या, "पेटी मी ओढली व्हती बाई. तुमी सांगितलं म्हणून. शिवानी, त्या पोरीला भेटलीस तर माझं बी सांग."

मुली पुन्हा ताटाकडे वळायला लागल्या. कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. मला वाटलं, झालं, संपलं, निघावं. तेवढ्यात भिंतीकडच्या टेबलावरून एक मुलगी उठली. पहिल्या वर्षाची असावी. हात उष्टा, तो तसाच अंगापासून लांब धरलेला. ती माझ्याकडे नाही, बाईंकडे बघत होती.

"बाई, आमी बी पारधीच आहोत," ती म्हणाली. "माझी बी पेटी हाय कॉटखाली. काही हरवलं तर आधी माझीच उघडणार का?"

बाई ताटातल्या भाकरीकडे बघत राहिल्या. सगळी मेस त्यांच्याकडे बघत होती. मग त्या पुटपुटल्या, "न्हाई."

"ऐकू नाही आलं, बाई," ती पोरगी म्हणाली. "मोठ्यानं सांगा."